विहिरीत सोडलेली टेप

मी भूजलावर काम करते. नदीचं पाणी चढलं की काठच्या जमिनीतलं पाणी किती चढतं आणि किती उशिराने चढतं, ते मोजायचं. आमची सोसायटी बोरीवलीत, नदीला अगदी खेटून. इमारतीमागे एक जुनी विहीर होती; बिल्डरने ती न बुजवता वर नुसती लोखंडी जाळी टाकलेली. म्हटलं, अभ्यासाला याहून जवळची जागा कुठे मिळणार?

टेप सोडून पातळी मोजायची परवानगी मागायला मी कमिटीपुढे गेले. चेअरमन बँकेतून रिटायर झालेले, भले गृहस्थ, पण साधं वाक्यही ठराव मांडल्यासारखं बोलायचे.

"मॅडम, नदी कंपाउंडच्या बाहेर आहे. विहीर आत आहे. संबंध काय?"

"जमिनीखाली कंपाउंड नसतं ना, सर."

सगळे हसले. मी विनोद केला असं समजून परवानगी मिळाली.

त्याच वर्षी सोसायटीने नदीच्या बाजूला भिंत बांधायला घेतली. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये दर पावसाळ्यात पाणी भरायचं, ते कायमचं थांबवायला. मी सांगून पाहिलं, की पाणी नुसतं बाहेरून येत नाही, खालूनही येतं. नदी फुगली की मागोमाग विहीर चढते. सेक्रेटरी माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "अगं, तू फार खोलात जातेस." भिंत उभी राहिली. तिच्यावर अख्ख्या कमिटीच्या नावांची संगमरवरी पाटीही लागली.

जुलैत पावसाने सलग झोडपलं. नदी भिंतीला घासत वाहत होती, पण थेंब आत येईना. चेअरमन छत्री घेऊन एकेकाला भिंत दाखवत होते. कुणीतरी कांदाभजी मागवली. ती संपायच्या आत वॉचमन धावत आला. "साहेब, नीचे पानी!"

बेसमेंटमध्ये लाद्यांच्या फटींतून पाणी शांतपणे वर येत होतं. लिफ्टचा खड्डा भरून गेला होता. कुणी म्हणालं पाइप फुटला, कुणी म्हणालं टाकी. मी थेट विहिरीकडे पळाले. पाणी जाळीच्या जरासं खाली, अगदी मला वाटलं होतं तसं. तोंडातून निघून गेलं, "झकास!" मागे सेक्रेटरी उभा होता.

पुढच्या मिटिंगमध्ये तो म्हणाला, "हिने टेप सोडायला सुरुवात केल्यापासूनच पाणी वाढलंय." कुणाला त्यात काही खटकलं नाही. मोजणी बंद करायचा ठराव झाला आणि मोठा पंप आला. तो बेसमेंटचं पाणी उपसून भिंतीवरून नदीत टाकायचा, नदी ते जमिनीखालून परत पाठवायची. दोघांचं छान चाललं होतं. मग पाऊस थांबला, नदी उतरली, बेसमेंट कोरडं पडलं. श्रेय पंपाला. त्याला हार घातला, पेढे वाटले. पेढा मीही खाल्ला.

काही दिवसांनी भाजीवाल्यापाशी चेअरमन भेटले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी पण येईल का हो?"

"येणार, सर."

"भिंत असून?"

"असून."

ते बराच वेळ दुधी निवडत राहिले. मग म्हणाले, "मोजा तुम्ही. मिटिंगमध्ये बोलू नका फक्त."

दुसऱ्या पावसाळ्यात मी विहिरीत टेप सोडायचे, तेव्हा ते स्वतः माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे राहायचे. आकडा हळूच विचारायचे. आणि कुणी येताना दिसलं की मोठ्याने म्हणायचे, "काय मॅडम, डास झालेत का बघताय ना?"