डाव्या आरशातला हात

भूतबित मी मानत नाही, हे आधीच सांगतो. आमच्या प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर १० मध्ये, कोणाच्या अंगात आलं की लोक मला बोलवायचे, कारण मी हसायला लागलो की आलेलं लगेच उतरायचं. तरी हे लिहितोय... वाचा आणि काय ते सांगा.

तीस वर्षं मी स्टील प्लांटमध्ये लोको चालवली. मी पुढे इंजिनात, माझा जोडीदार रामटेके खाकी वर्दीत मागे वॅगनजवळ. डबे जोडणं, कपलिंग तपासणं, हाताने खुणा करणं, सगळं त्याचं. मी उतरून कधी बघितलंही नाही. आमची एक खासगी खूण होती — पंजा दोनदा खाली दाबायचा, मग मूठ. म्हणजे हळू कर, थांब, काहीतरी सुटलंय. नियमांच्या पुस्तकात ती नाही, रामटेकेनेच शोधलेली.

रिटायर झाल्यावर दोघांनी मिळून कॅरॅव्हॅन बनवली. गाडीमागे ओढायचा डबा, आत दोन बिछाने. पहिली ट्रिप बायकांसकट चौघांची ठरली होती. तेवढ्यात रामटेकेला लकवा झाला आणि उजवा हात गेला. वर्षभर बोटसुद्धा हललं नाही. शेवटी मी आणि माझी बायको मंदा, दोघंच चित्रकोटच्या धबधब्याला जाऊन आलो. त्याला सोडून जाताना फार वाईट वाटलं, पण गेलो.

परतताना सकाळी साडेदहाच्या सुमारास केशकाल घाट लागला. मंदाची कंबर धरली होती म्हणून ती मागे डब्यात झोपली होती. ओढायच्या डब्यात माणूस बसवायचा नसतो, हे मला माहीत होतं. तरी म्हटलं, थोडाच तर रस्ता आहे.

उतार सुरू झाला आणि डबा मागून ढकलायला लागला. मी चौथ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर. लोखंडाने भरलेले वॅगन थांबवलेला माणूस, एका डब्याला काय घाबरणार! मग ब्रेकचा जळका वास आला, डबा दोन्हीकडे डोलू लागला. तेव्हा डाव्या आरशात दिसलं — डब्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आलेला. खाकी बाही. पंजा दोनदा खाली, मग मूठ.

विचार केलाच नाही. ब्रेक सोडला, तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिनाने गाडी आवरली. आता हलका हलका ब्रेक मारत वळणाआधीच्या रुंद जागेवर थांबलो, चाकांना दगड लावले आणि मागे गेलो.

डबा गाडीला जोडणाऱ्या हुकाची पिन नव्हती! हुक अर्धा उघडलेला... आणखी एखादा झटका बसला असता तर डबा मंदासकट दरीत. पिन सकाळी मीच लावायला विसरलो होतो. तीस वर्षं ते काम रामटेकेचं ना!

दार उघडलं तर मंदा घोरत होती. तिला उठवलं. "हात बाहेर कावून काढला होता?"

"कोणाचा हात जी? मी तं झोपली होती!"

मग खिडकी बघितली. डावीकडची काच उघडतच नाही, फिक्स आहे. मीच बसवलेली. नंतर घरी आल्यावर उन्हात, सावलीत, आत टॉवेल टांगून, सगळ्या तऱ्हेने आरशात बघितलं. हातासारखं काही दिसत नाही.

घाट उतरलो त्याच दिवशी संध्याकाळी सेक्टर ६ ला रामटेकेकडे गेलो. दारातच वहिनी.

"भाऊजी, आज यायचा हात हालला!"

"कधी?"

"साडेदहा-अकराले. टीव्ही पाहून राहिले होते. असा..." त्यांनी पंजा दोनदा खाली दाबला आणि मूठ केली. त्या रडतही होत्या, हसतही होत्या.

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या तसा रामटेके माझ्यावर डाफरला, "मंदावैनीले डब्यात झोपवून घाट उतरते काय बे कोणी?"

मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. "तुले कोणं सांगतलं?"

तोही गोंधळला. "काय मालूम... तोंडात आलं, बोललो."

त्यानंतर हात हललेला नाही. फिजिओथेरपीवाला म्हणतो, एकदा हलला म्हणजे पुन्हा हलेल. वहिनींना वाटतं, मी परतलो त्याच दिवशी हलला म्हणजे माझाच पायगुण, म्हणून म्हणतात, "भाऊजी, रोज येत जा." मी रोज जातो, तासभर हात चोळून देतो. माझ्याकडे काहीही एक्स्प्लनेशन नाही. तुमच्याकडे असेल तर खरंच सांगा. पण वहिनी आशेने माझ्याकडे बघतात तेव्हा मान वर होत नाही. वर्षभरात त्या हातात जेवढं बळ जमलं होतं, ते सगळं त्याने त्या सकाळी माझ्या मंदासाठी खर्च केलं, असं मला वाटतं... हे त्यांना कसं सांगू?