आईचा सोमवार

आई काल गेली. ताई अजून सरकारकडंच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.
बाबा वारले तेव्हा मी अंगावर पीत होतो, वैशालीताई दुसरीत. आई वाळूजला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. ओळखीतल्या बाई म्हणाल्या, पोरीला सरकारी बालगृहात ठेव, जेवणखाण होईल, शिकेल.
आईनं ठेवली.
दिवाळीला घरी आणायला गेली, तर ताई तिथं नव्हती.

"नोंदीत 'निघून गेली' असं आहे, मावशी," बालगृहाचे साहेब म्हणाले.
"पोरगी काय पाहुणी आली व्हती, निघून जायाला? म्या तुमच्या हवाली केली व्हती."

पोलीस, कोर्ट, सगळं झालं. कुणावर ठपका नाही, कुणाची साधी ट्रान्सफरसुद्धा नाही.

कलेक्टर ऑफिसात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. लोक तक्रारी घेऊन येतात. तो आईचा सोमवार. ठेवणीतली साडी नेसून निघायची.
मी एकदा चिडवलं, "लग्नाला चाललीस काय?"
"आज सापडली तर? पोरीला वाटू नये, आई भिकाऱ्यावानी राह्यली."


वेरूळला गेलो तरी तिचं देवाकडं लक्ष कमी. दर्शनाच्या रांगेतल्या बायकांच्या हनुवट्या बघत राहायची. ताईच्या हनुवटीवर भाजल्याचा डाग होता.

गेल्या वर्षी कलेक्टर ऑफिसातल्या नव्या मॅडमनी मायेनंच सुचवलं, "मृत समजून दाखला मिळतो. फाइल बंद होईल, तुम्हालाही शांतता."
"कुठं जाळली ते दाखवा, बाई. मंग लावते अंगठा."


मला ताईचा चेहराही आठवत नाही. तरी तिची लई आठवण येते. कशी, ते सांगता येत नाही.

आज सकाळी श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला गेलो. 'शोकाकुल'खाली ताईचं नाव पहिलं सांगितलं.
मामा म्हणाले, "तिचं नको टाकू रे. लोक इचारतील."
"इचारू द्या की, मामा."

दुकानदारानं टाइप करता करता विचारलं, "ताईंचं सासर कुठलं? कंसात गाव टाकतो."

मी तिथंच रडलो. पोरगी कुठं आहे, एवढंच विचारण्यात आईचा जन्म गेला.

कंस मोकळा ठेवायला सांगितलं. फ्लेक्स कलेक्टर ऑफिससमोर लावतोय.

आई, तू आता सुखानं जा. इथून पुढं मी विचारीन.

भावपूर्ण श्रद्धांजली.
शोकाकुल: वैशाली (          ) आणि मी.