सुबरावाची न कापलेली फीत

शहापुरात बढाया मारणारे लई बघितले, पण सुबरावासारखा न्हाय. आमचा शेजारीच व्हता, म्हणून सांगतो. माग त्याचा, साड्या त्याच्या, आणि किटलेले कान आमचे! "माझं कापड फाटलं तर मिशी उतरवीन," हे दिवसभर चालायचं.

पण मागाच्या खड्ड्यात बसून पायाखालच्या पावड्या दाबून दाबून त्याचे गुडघे गेले. माग विकायला काढला. आता खायचं काय? त्याच सुमारास टिळकवाडीकडं स्काउटांची नवी इमारत उभी राहिलती. खाली कचेरी, वर पोरांचं वसतिगृह. उपेंद्र मास्तर तिथले कारभारी. सुबराव त्यांच्याकडं गेला. मास्तर म्हणाले, "उद्घाटन नीट पार पडू दे, दारावरची नोकरी तुझी. तेवढी कापायची फीत मात्र विणून दे."

आता मला सांगा, फीत कापायसाठीच असते हे शेंबड्या पोरालाबी कळतं. पण या बाबानं जन्मात कापायसाठी काही विणलं न्हवतं. उभ्या धाग्यांचा ताणा दुहेरी, काठ साडीचे, आणि वीण अशी ठोकून बसवलेली की सुई शिरू नये. त्याची बायको अंबुबाई म्हणाली, "अवो, साधी चिंधी चालली असती की!" तर हा तिच्यावरच खेकसला.

उद्घाटनाला इमारतीला पैसा दिलेले निपाणीचे तंबाखूवाले मारुतीराव आलते. दाराच्या दोन खांबांना फीत बांधलेली. बिगूल वाजला. मारुतीरावांनी कात्री चालवली. फीत दुमडली. परत चालवली. परत दुमडली! टाळ्यांसाठी उचललेले हात हवेतच. एका स्काउटानं चाकू दिला, तो नुसताच घसरला. बिगूलवाल्याचा दम संपला. मी उपरणं तोंडात कोंबून हसत व्हतो.

उपेंद्र मास्तर दातओठ खात सुबरावाकडं आले. "नोकरी विसर आता!"

अंबुबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

घामाघूम मारुतीराव ओरडले, "कुणी विणली रं ही? एवढी घट्ट कशाला?"

सुबराव लंगडत पुढं गेला. "मी, मालक. मागावरचं शेवटचं कापड व्हतं. शेवटचं कच्चं विणायला हात धजंना."

मी तोंडातलं उपरणं काढलं. अरं गड्या, आधी बोलायचं न्हाय व्हय!

मारुतीरावांनी कात्री ठेवली. "मग गाठ सोड. तूच सोड."

सुबरावानं गाठ सोडली, दार उघडलं, पोरं आत घुसली. मारुतीराव मास्तरांना म्हणाले, "दारावर ह्योच बसू दे. याची फीत मला हटली न्हाय, तर चोराला हा काय हटतोय!"

नोकरी लागली. किल्ली त्याच फितीत ओवून गळ्यात. आणि बढाई? दुप्पट! "न कापता उघडलेली इमारत दाखवा दुसरी!"

पण विकलेला माग गाडीत चढला त्या दिवशी तो गळ्यातली फीत मुठीत धरून उभा व्हता. शेवटी मीच म्हटलं, "मिशीला पीळ दे की रं, सुबराव."

न्हाय दिला.