शेवटच्या पंगतीचा गाडा

गार भाताशी उभा दावा मांडणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे माझे मधले काका. आमचं घर आचाऱ्यांचं. वडील लवकर गेले. काका लोकांच्या लग्नामुंजींत रांधत, आई पोळ्या लाटायला जाई, आणि सगळ्या पंगती उठल्या की शेवटच्या पंगतीत आम्हाला पान मिळे. तोवर उन्हं कललेली असत. स्वयंपाक उरकताच यजमान लाकडं वाचवायला चुली विझवायला लावीत. मग आमच्या पानावर पडे तो भात ढेकळासारखा आणि वरणावर साय धरलेली. मी आमच्या घराण्यातला पहिला बी. ए.; पण माझा देह त्या गार भातावर पोसला आहे हे सांगायची मला लाज वाटत नाही. वाटायचीच तर ती चुली विझवणाऱ्यांना वाटावी.

काकांना मात्र त्या भातानं वेड लावलं होतं. मुंबईहून आगबोटीनं कुणी उतरला की त्याची नोकरी, प्रकृती राहिली बाजूला, "बोटीवर भात गरम देतात काय हो?" एवढंच विचारीत. श्राद्धाचं जेवून आलेल्या भटजींनाही तोच प्रश्न. घरी ते पाट उचलून थेट चुलीला खेटून जेवायला बसत. आई म्हणे, "भावजी, एक दिवस धोतर पेटेल हो." त्यावर म्हणत, "पेटू दे वहिनी, गरम जेवून मेलो असं तरी लोक म्हणतील."

मी कॉलेजातून सुटीला आलो तर अंगणात काकांनी शेवटच्या पंगतीसाठी बनवलेला गाडा उभा. दोन चाकांवर फणसाच्या फळ्यांची पेटी, आतून पत्रा मारलेली. तळाशी करवंटीच्या कोळशांची शेगडी, तिच्यावर पाण्याची पसरट परात, आणि त्या वाफेवर भातावरणाची पातेली. आधी पाणी उकळवायचं, मग निखाऱ्यांवर राख पसरायची, मगच पातेली ठेवायची, आणि पंगत बसेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. मी एकदा डोकावलो तर ओरडले, "मेल्या, मीट ते! पळालेली ऊब काय तुझ्या कॉलेजातून आणू?"

पहिलं कार्य एका वकिलांकडचं. गाडा रस्त्यावरून ढकलत आणलेला, म्हणून वकिलांच्या सोवळ्या आत्याबाईंनी तो शुद्ध करायला अख्खी घागर त्याच्यावर ओतली, पेटलेल्या शेगडीवरसुद्धा. काका म्हणाले, "आत्याबाई, गाडा शुद्ध झाला, पण जिवानिशी गेला." त्यांनी शेगडी पुन्हा पेटवली, पातेली आत ठेवली. दोन पंगती उठल्या, आणि मामलेदारसाहेब मंडळींसह उशिरा उगवले.

"आचारी, गाड्यातलं वाढा," वकील म्हणाले.

"त्यांच्यासाठी चूल पेटवतो, वकीलसाहेब. हा शेवटच्या पंगतीचा भात आहे."

"शेवटच्या पंगतीत कोण बसतं, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. आम्हीच बसतो."

वकील हसले, आणि त्यांनी आपल्या माणसांकडून पातेली बाहेर काढवली. मामलेदार तृप्त झाले. गाडा असा गाजला की दर कार्याला बोलावणं येऊ लागलं: साहेब कितीही उशिरा आले तरी भात वाफाळलेला! शेवटच्या पंगतीला तेच ढेकूळ. काका गाडा ढकलत घरी येत आणि म्हणत, "गाडा माझा, ऊब त्यांची." पोट त्याच कामावर चालत होतं, म्हणून नाही म्हणायची सोय नव्हती.

पुढे मी शाळामास्तर झालो आणि धाकट्या बहिणीचं लग्न आमच्याच अंगणात लागलं. यजमान आम्ही. काका दिवसभर गाड्यापासून हलले नाहीत. आमचे हेडमास्तर उशिरा आले, तर काकांनी त्यांचं पान शेवटच्या पंगतीत मांडलं, वाढपी आणि पाणके यांच्या ओळीत. मग स्वतः बसले. भातात बोटं घातली, चटका बसला तशी मागे घेतली, आणि पुन्हा घातली.

पुढल्या पावसाळ्यात काका गेले. आयुष्यभर लोकांची लग्नं रांधून त्यांच्या हातून शेवटच्या पंगतीला गरम भात पडला तो एकदाच. पण पडला.