म्हातारीचा डावा कान

तिला सगळे पाटीवाली म्हणत. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा वडिलांचा धंदा. ते गेल्यावर ब्रश तिच्याकडे आले, ते एका कागदासकट. हा कागद म्हणजे घोड्याचा खाका, रेषेरेषेवर टाचणीनं भोकं पाडलेला. तो पाटीवर धरायचा, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थोपटायची, की खाली ठिपक्यांचा घोडा तयार. व्यायामशाळा, चामड्याचं दुकान, जनावरांचा दवाखाना, सगळीकडे हाच घोडा वीस वर्षं धावत होता आणि त्याला कुणी नावं ठेवली नव्हती.

ठेवली ती घोडेवाल्यानं. आपल्या एकुलत्या एक घोडीला तो म्हातारीच म्हणे. तिच्यानं आता गाडी ओढवत नव्हती, आणि त्याचे स्वतःचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. रविवारी ट्रक येऊन तिला लांबच्या एका कुरणावर नेणार होता, कायमची. त्याआधी त्याला खाटेसमोर लावायला तिचं चित्र हवं होतं. पाटीवालीनं फळीवर खाका थोपटला, तपकिरी रंग भरला, म्हातारीच्या कपाळावर होता तसा पांढरा ठिपका दिला आणि मंगळवारी तबेल्यात नेऊन दाखवलं.

घोडेवाला बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "घोडा छान आहे गं पोरी. कुणाचा आहे?"

यापेक्षा त्यानं फळी फेकून दिली असती तर बरं झालं असतं. ती तशीच जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई एका कुत्र्याच्या कानात औषध घालत होत्या. तिनं विचारलं, माझ्या घोड्याचं नेमकं काय चुकतं?

"खरं सांगू?" मान वर न करता बाई म्हणाल्या, "त्याचे मागचे दोन्ही पाय मोडलेत. बारा वर्षं माझ्याच दारावर उभा आहे, पण मला काही इलाज करता आला नाही."

पायाच्या मध्यावरच्या सांध्याला ती गुडघा समजत होती आणि माणसाच्या गुडघ्यासारखा तो पुढे वळवत होती. बाईंनी कुत्रा खाली सोडला आणि तिला चपला काढून चवड्यांवर उभं राहायला सांगितलं.

"आता उचलली गेली ना, ती टाच. घोड्याचा तो सांधा म्हणजे हीच टाच. गुडघा वर, पोटाला लागून. आणि उभा राहतो तो एकेका बोटाच्या नखावर."

पाटीवाली टेबल धरून डुगडुगत उभी होती. "आई म्हणायची, तुझी अक्कल गुडघ्यात. तो गुडघासुद्धा मला सापडला नव्हता म्हणायचा."

बाईंनी तिला हाडांचा एक जुना तक्ता काढून दिला. संध्याकाळी तिनं तो वडिलांच्या खाक्याशेजारी मांडला. भोकं कशी एका अंतरावर, एका आकाराची. चूकसुद्धा किती नीटनेटकी. वडिलांना हा खाका त्यांच्या गुरूनं दिला होता. त्या दोघांपैकी एखादा तरी कधी घोड्याशेजारी जाऊन उभा राहिला असेल का, कोण जाणे. तिनं खाका गुंडाळून फडताळात वरच्या फळीवर ठेवला.

बुधवारपासून ती तबेल्यात जाऊन बसू लागली. आधी तिनं म्हातारीच्या मागच्या पायावरून हात फिरवला. सांध्याचं टोक कातडीखाली टणक लागलं, अगदी आपल्या टाचेसारखं. त्या दिवशी तिनं नुसती हाडंच काढली.

"माझी घोडी जिवंत आहे अजून," घोडेवाला डोकावून म्हणाला. "हे काय स्मशान मांडलंयस?"

गुरुवारी हाडांवर मांस चढलं. म्हातारी एक मागचा पाय सैल सोडून खुराचं टोक तेवढं टेकवते आणि मग त्या बाजूचा शेपटीजवळचा पुठ्ठा खाली कलतो, हे तिला शुक्रवारी दिसलं. कान मात्र जमेनात. दोन्ही पुढे टवकारलेले काढावेत, तर डावा सारखा मागे वळायचा. तिनं तो दोनदा सरळ काढला आणि दोनदा पुसला. मग तिनं कान बघणं सोडून, तो कशाकडे वळतो ते बघितलं.

शनिवारी दुपारी तिनं नव्या फळीवरचं चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. घोडेवाल्यानं खुरांपासून सुरुवात केली. सैल सोडलेल्या पायापाशी "हं" म्हणाला. कलत्या पुठ्ठ्यापाशी तर हसलाच. कानांशी आल्यावर मात्र त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हा डावा कान असा का? चुकला का?"

"तुम्ही तिथे होता, काका. पाठीशी, खरारा करत. तुम्ही उजवीकडे गेलात की उजवा वळायचा."

"मी तर नाहीये यात."

"नाही."

शेजारी म्हातारी गवत चघळत होती. खरारा अजून घोडेवाल्याच्या हातातच होता. जरा वेळानं तो पाय ओढत निघाला आणि चित्राच्या त्या कडेला, घोडीच्या पाठीमागे जिथे फळी संपते तिथे, जाऊन उभा राहिला.