उजवाडाकडे जाळं

देवबागेत आमच्या घराच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला दर्या. सकाळी, पर्यटकांच्या बोटी सुरू व्हायच्या आधी, दोन्ही पाण्यांना थोडी डुलकी लागते. तेव्हा मी बायबलातलं शुभवर्तमान वाचतो. वाचतो म्हणजे ओळीखाली बोट ठेवून चालतो. शाळा तिसरीपर्यंत झाली, मग रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोराला हात लागला तो लागलाच. पण अक्षर कुणाला विचारून मी आजवर वाचलेलं नाही, आणि चष्माही घेतलेला नाही. काना आहे की वेलांटी, ते हल्ली अंदाजाने घेतो. पहिली दोन-तीन अक्षरं ओळखीची निघाली की बाकीची जातात कुठे?

आधी वाचायची ती माझी बायको. सातवी पास, आणि त्याचा तोरा तिने कधी लपवला नाही. मी पुस्तक हातात घेतलं की म्हणायची, "अवो, वाचतास काय माशांक गरी टाकून बसलास?" गेल्या नाताळाआधी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला, बोलणंही गेलं. ती खाटेवर पडून कौलांकडे बघत राहायची. मुलगा गोव्यात नोकरीला, सून इथे आमच्यापाशी. त्याने फोनवर सांगून टाकलं, ईस्टर झाली की आईला तिकडे सिस्टर लोकांच्या आश्रमात ठेवू. "पपा, तिका आपला घर खंयचा ता पण कळत नाय."

मी म्हटलं, "तिका सगळा कळता." म्हटलं खरं, पण दाखवणार काय? माझ्याकडे पुरावा नव्हता.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत फादरनी चर्चमध्ये मिस्सानंतर वाचायची एक रीत सांगितली. थोडंच वाचायचं. पुन्हा वाचायचं. एखादा शब्द अडवतो, तिथे थांबायचं, गुरासारखं रवंथ करायचं. मग आपण गप्प, देव बोलतो. वाचायला शिकवतात मला, या वयात! मी उठून निघालो होतो. तेव्हा फादर म्हणाले, "भराभर वाचणाऱ्यांना हे जमत नाही. तुम्हाला जमेल." हा मान होता की टोमणा, मला अजून कळलेलं नाही. मी मान म्हणून घेतला.

तेव्हापासून मी तिच्या खाटेशी खुर्ची घेऊन मोठ्याने वाचू लागलो. उपासाच्या मधल्या आठवड्यात ती गोष्ट आली. शिष्य रात्रभर मासे मारतात, हाती काही नाही, आणि पहाटे काठावरून येशू सांगतो, जाळं टाका. कुठे टाका, तो शब्द मी बोटाखाली धरला. उ, ज, व... उजवाडाकडे!

आम्ही उजेडाला उजवाड म्हणतो. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणताना हा शब्द माझ्या तोंडून हजारदा गेला असेल. गोष्टही चर्चमध्ये कितीदा ऐकली होती, पण कानाने ऐकलेलं वाऱ्यावर जातं. हा शब्द मला अडवून उभा राहिला. उजवाडाकडे जाळं टाका. सात दिवस मी पुढे गेलोच नाही. सकाळी खाडीवरून ऊन परावर्तून आत येतं आणि कौलांखाली हलतं, बारीक आसाचं, बारीक भोकांचं, थेट जाळ्यासारखं. ते बघता बघता माझे डोळे मिटत. मी होडीत असे, दर्या दुधासारखा, हातातला दोर हलका, आणि जाळ्यात मासे नाहीत, नुसता उजवाड, ओल्या दोरातून निथळणारा. जागा झालो की ती कौलांकडेच बघत असायची. मला वाटायचं, आम्ही दोघं एकाच होडीत आहोत. पुन्हा वाटायचं, कशावरून?

आठव्या सकाळी सून पेजेची वाटी घेऊन आली. दारातच थांबून ऐकत राहिली.

"पपा, उजवाडाकडे? म्हणजे येशून पण एलईडी लावल्यान?"

एलईडी लावून रात्रीचे मासे उपसून नेणाऱ्या ट्रॉलरांविरुद्ध आम्ही मोर्चे काढले आहेत. त्या चोरांत येशूला बसवते! माझं डोकं फिरलं.

"पुस्तकात लिवलाहा ता!"

"खंय? दाखवा बघू."

"दाखवूचंय नाय. मी काय आंधळो?" मी पुस्तक मिटलं.

तेवढ्यात खाटेवरून आवाज झाला. बायकोने डाव्या हाताने आपल्या मेलेल्या हाताचं मनगट धरलं, तो हात उचलला आणि धपकन माझ्या पुस्तकावर टाकला.

सून घाबरली. "आई, काय झाला? दुकता?"

तिने रागाने मान हलवली. हात परत उचलला, परत पुस्तकावर टाकला. माझ्याकडे बघत होती, सातवी पासवाली नजर. अर्ध्या तोंडातून शब्द ओढत होती. "उज... उज..."

सुनेने माझ्या मांडीवरून पुस्तक ओढलं, पान काढलं, आणि वाटी तशीच खाली ठेवली. "पपा, उजवीकडे लिवलाहा. होडीच्या उजवीकडे. आई तोच हात दाखवता."

मी वाकून बघितलं. वेलांटी होती. सात दिवस होती.

चारचौघांत मला कुणी चूक काढलेली खपत नाही, सुनेसमोर तर नाहीच. पण त्या वेळी मला रागच आला नाही. सात दिवस ती ऐकत होती. सातही दिवस मी चुकतोय हे तिला कळत होतं, आणि सांगायला तोंड नव्हतं.

"मगे सात दिवस गप कित्याक रवलंस गो?" मी विचारलं. मूर्खासारखंच विचारलं. तिचं अर्धं तोंड हसलं.

सून पदराने डोळे पुसत पडवीत गेली. फोनवर नवऱ्याशी बोलताना तिचा आवाज चढला होता. "आश्रमाचा नाव काढू नुको. आईन पपांची चूक काडल्यान! हां, वाचनातली! तू ये आणि बघ."

मी पान पुन्हा काढलं. फादरना काय सांगायचं ते रविवारी बघू. उजवाडही खोटा नव्हता, असं मी आजही म्हणतो. माझ्यापुरतं तिथे तेच लिहिलं होतं. पण तिला ऐकवताना मी "उजवीकडे" वाचलं, स्पष्ट, चारदा. तिचा हात माझ्या मांडीवरच होता, जड, गार. तो मी उचलला नाही. वाचायची मग घाई राहिली नाही.