तुटण्यासाठी लावलेली तार

सत्तरच्या दशकात भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका शाळेत हरिश्चंद्र तरे सर संध्याकाळी वीजकामाचा वर्ग चालवत. पॉवरलूमवरची ड्युटी आटोपून आम्ही केसांत सुताची धूळ घेऊनच बाकांवर बसायचो. पहिल्याच दिवशी सरांनी मला विचारलं, "तुमच्या कारखान्यात वीज किती लागते?" मी ऐटीत म्हणालो, "भरपूर." सरांनी फळ्यावर 'भरपूर' असं लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि खडू माझ्या हातात दिला. "आता याला अँपिअरने भागून दाखवा." वर्ग खो खो हसला. सरांची माझी ओळख झाली ती अशी.

व्होल्टला अँपिअरने भागलं की तारेचा रोध कळतो आणि गुणलं की वॉट कळतात, हे दोन हिशोब त्यांनी आमच्याकडून इतके घोटून घेतले की आजही झोपेतून उठवून विचारा. पण स्वतः सर मोजल्याशिवाय कशावरच मत देत नसत. एका विद्यार्थ्याच्या लग्नात त्यांनी आधी मांडवातले दिवे मोजले, दोन माळा काढायला लावल्या आणि मगच जिलेबीला हात लावला. नवरीकडची मंडळी जरा फुगली होती, पण दिवे शेवटपर्यंत टिकले.

आमच्या वर्गात रफीकभाई नावाचे एक विणकर होते. त्यांची शिफ्ट उशिरा सुटायची, ते येईपर्यंत अर्धा धडा झालेला असायचा. सर त्यांना बसवून घेत आणि पहिल्यापासून हिंदीत सुरू करत. "रफीकभाई, वोल्ट को अँपिअर से भाग दो, तार कितना रोकता है मालूम पडेगा." आम्ही कुरकुर केली की म्हणत, "तुमचीही उजळणी होते ना? मग ऐका." त्यामुळे हिंदी आणि वीज, दोन्ही आमच्या फुकट पदरात पडल्या.

फ्यूजचा धडा चालू होता तेव्हा मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की आमच्याकडे फ्यूज आता उडतच नाही, बाबांनी इलाज केलाय. सरांनी कसला इलाज ते विचारलं. ऐकल्यावर धडा तिथेच थांबवला, वर्गातले व्होल्ट आणि अँपिअर मोजायचे दोन्ही मीटर पिशवीत घातले आणि म्हणाले, "चला तुमच्याकडे."

आमचं घर मूळचं भिवंडीजवळच्या पूर्णा गावचं, शेतीवालं. बाबांनी हौसेने चार लूम टाकले होते. लूमवाल्याला तुटलेल्या धाग्याइतका राग कशाचाच येत नाही. धागा तुटला की गाठ मारायची, पुन्हा तुटला की जाड सूत घ्यायचं. बाबांनी तोच न्याय फ्यूजच्या तारेला लावला होता. दोन तारा एकत्र वळून त्यांनी छान पीळ घातला होता.

"आता तुटायची न्हाय, सर," बाबा खुशीत म्हणाले.

"काका, सूत टिकायला लावतात. ही तार तुटायलाच लावलेली हाय," सर म्हणाले.

बाबांना ते काही पटलं नाही. मग सरांनी कारागिरांच्या चहाची विजेची शेगडी मीटरवर घेतली. दोनशेवीस व्होल्ट, साडेपाच अँपिअर. भागाकार मला करायला लावला, चाळीस ओहम आले. गुणाकार केला, बाराशे दहा वॉट. शेगडीच्या जोडीला त्याच लाईनवर कारखान्याचे सगळे दिवे. पाच अँपिअरच्या वायरमधून जवळजवळ दहा अँपिअर धावत होते आणि त्यांना अडवणारं कुणी उरलं नव्हतं.

वायर कुठे तापलीय ते बघायला सर तिच्यावर तळहात ठेवत जिन्याने माळ्यावर गेले, आम्ही मागोमाग. तिथे आमचा संसार होता. आईला ताप होता, ती भिंतीशी झोपली होती. उशाला सुताच्या कचऱ्याचं पोतं आणि त्याच्यामागून वायर गेलेली. सरांनी पोतं ओढून बाजूला केलं. वायरवरचं रबर काळं पडून गळून गेलं होतं, तांबं उघडं दिसत होतं, आणि पोत्याची एक बाजू करपली होती.

बाबा तडक खाली उतरले, मेन स्विच पाडला आणि आपल्या हाताने तो पीळ उपसून काढला. पुढच्या रविवारी सरांनी स्वतः उभं राहून शेगडीची वेगळी लाईन ओढून घेतली. त्यानंतर फ्यूज उडाला की बाबा चिडायचे नाहीत. आधी शेगडी बंद करायचे, मग तार बदलायचे.

सर आता पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. त्यांच्या सत्काराच्या या समारंभात त्यांना शाल आमची आई पांघरवणार आहे. ती नव्वदीला टेकलीय, तरी हट्टाने येणार. काल म्हणाली, "मास्तरांना सांगणार हाय, माजं उरलेलं आयुष्य तुमाला लागू दे." सर, एवढं मात्र तिच्याकडून घेऊ नका. त्या संध्याकाळी तुम्ही राखलेलं ते आयुष्य आम्हाला अजून हवं आहे. तुमचंही असंच वाढत राहो, ठणठणीत, आणि पुढच्या सोहळ्यालाही शाल तिच्याच हातची असो.